दारची गुळवेल : ओळख, लागवड आणि घरगुती कल्प

गुडूची, वासा, शतावरी, कूष्मांड इत्यादी काही द्रव्ये नेहमी ओलीच वापरावीत, आणि ओली असली तरी त्यांचे प्रमाण दुप्पट करू नये, असे शार्ङ्गधराचे सांगणे आहे. ओली गुळवेल बाजारात क्वचितच मिळते. म्हणूनच ‘दारात एक वेल लावा’ असा सल्ला आपण रुग्णांना देतो. मात्र तो देताना काय सांगावयास हवे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी आमच्या सल्ल्याने एका गृहस्थांनी रोपवाटिकेतून वेल आणून लावली व तिचा काढा दोन महिने नित्य घेतला. पुढे अरुची, मळमळ आणि पिवळी लघवी या तक्रारी घेऊन ते आले. वेल पाहिली असता खोड करडे, त्यावर उंच गाठी आणि छेद घेताच दुधी चीक! ती गुळवेल नव्हती. काढा तत्काळ थांबवून यकृताच्या चाचण्या करविल्या व रुग्णास यकृतरोगतज्ज्ञांकडे पाठविले. यथावकाश ते बरे झाले. वेल न पाहता सल्ला दिला, ही चूक मात्र आमची होती.

ओळख

खरी गुळवेल म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया. तिच्याशी साम्य असणारी टिनोस्पोरा क्रिस्पा. पाने दोहोंचीही हृदयाकृती असल्याने केवळ पानांवरून निर्णय करू नये.

१. खोड : गुळवेलीचे हिरवट, वरची पातळ साल सुटणारी, क्रिस्पाचे करडे व गाठीदार.
२. छेद : गुळवेलीतून दुधी चीक येत नाही, आडव्या छेदात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. ‘चक्रलक्षणिका’ हा पर्याय त्यावरूनच आला.
३. फूल : गुळवेलीस सहा पाकळ्या, क्रिस्पास तीन.
४. फळ : गुळवेलीचे गोल व लाल, क्रिस्पाचे लांबट व नारिंगी.

जुन्या गुळवेलीवरील वातरंध्रेही उंचवट्यांसारखी भासतात. म्हणून एकाच लक्षणावर विसंबू नये.

लागवड

‘छिन्नरुहा’ या नावातच लागवडीची रीत आहे. पावसाळ्याच्या आरंभी, ओळख पटलेल्या वेलीच्या बोटाएवढ्या जाड खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे घ्यावेत. एक पेर मातीत राहील असे ते लावावेत. पाणी साचू देऊ नये. आधारास निंब मिळाल्यास उत्तम.

घरगुती कल्प

*क्वाथ :* ओले खोड २५ ग्रॅम ठेचून १६ पट, म्हणजे ४०० मि.लि. पाण्यात उकळावे; अष्टमांश, म्हणजे ५० मि.लि. उरल्यावर गाळावे. काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम ही भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियातील मात्रा आहे. काढा रोज ताजा करावा.

*हिम :* तेवढेच खोड ठेचून सहापट थंड पाण्यात रात्रभर ठेवावे व सकाळी कुस्करून गाळावे. पित्तप्रधान ज्वर व दाहात हा कल्प सोयीचा.

*सत्त्व :* ठेचलेले खोड चौपट पाण्यात रात्रभर भिजवून हाताने चोळावे, गाळावे. पाणी निवळल्यावर वरचे ओतून तळचा पांढरा भाग वाळवावा. उत्पन्न फार अल्प येते. यावरूनच स्वस्त सत्त्वाविषयी शंका घ्यावी. त्यात अन्य पिष्टांची भेसळ होते.

सावधगिरी

२०२१ मध्ये मुंबईतील वैद्यकतज्ज्ञांनी गुळवेल-सेवनानंतर यकृतविकार झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. २०२२ मध्ये देशातील अनेक केंद्रांतून अशा ४३ रुग्णांचा अहवाल आला. आयुष मंत्रालयाने क्रिस्पाशी होणाऱ्या गल्लतीकडे लक्ष वेधले. तथापि प्रत्येक घटना चुकीच्या ओळखीनेच घडली, असे मानून आपण निश्चिंत राहणे योग्य नाही. यकृतविकार, स्वयंप्रतिकारजन्य व्याधी वा प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असल्यास गुळवेल घरच्या घरी घेऊ नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी रक्तशर्करा तपासत राहावे. ‘प्रतिकारशक्तीसाठी’ म्हणून महिनोन्‌महिने काढा घेण्यास आपणच आवर घालावा.

आपले कर्तव्य

वैद्यांनी वेलीचा तुकडा पाहिल्यावाचून काढा सांगू नये. औषधालयाच्या चालकांनी खरेदीच्या प्रत्येक खेपेचा नमुना तारखेसह जपावा व संशयास्पद माल परत करावा. दुष्परिणाम आढळल्यास आयुषच्या औषधदक्षता केंद्रास कळवावे. चिकित्सालयाच्या अंगणात खात्रीची एक वेल वाढवून रुग्णांना तिचेच तुकडे द्यावेत, हा सर्वांत सोपा उपाय. आम्ही त्या घटनेनंतर हेच करीत आलो आहोत.