पडद्यावरचा प्रयोग, हातातला प्रयोग

प्रश्न : मी अकरावीला भौतिकशास्त्र शिकवते. काही मुलं फक्त ऑनलाइन तासांना बसतात. त्यांना प्रयोगांचे व्हिडिओ दाखवले तर पुरेल का?

उत्तर : व्हिडिओ दाखवा, पण त्यात मुलांना काही बदलून पाहता येत नाही. त्यासाठी ‘फेट’ची सिम्युलेशन्स वापरा. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला हा प्रकल्प मोफत आहे, काही सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. रोध वाढवला की विद्युतधारा किती कमी झाली, हे लगेच दिसतं. मात्र आधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या, मगच स्लायडर हलवू द्या. नाहीतर नुसता खेळ होतो.

पडद्यावरचे आकडे फार नीटनेटके येतात, ही मला मोठी उणीव वाटते. मोजमापातली त्रुटी हाताळायला शिकणं हा प्रयोगाचा गाभाच आहे. म्हणून साधा लंबक घरीच करायला सांगा. एक मीटर दोरा, खाली जड नट, आणि झोका लहान. २० दोलनांना साधारण ४० सेकंद लागायला हवेत. फोनचे सेन्सर वापरणारं ‘फायफॉक्स’ हे आखेन विद्यापीठाचं मोफत ॲपही इथे उपयोगी पडतं. सगळ्यांची निरीक्षणं एकाच शीटमध्ये भरून घ्या आणि कुणाचं उत्तर का वेगळं आलं, यावर पूर्ण तास द्या.

रसायनशास्त्राच्या प्रयोगांतलं ब्युरेटमधून द्रावण थेंबाथेंबाने सोडणं, आम्ल हाताळणं हे मात्र ऑनलाइन जमणार नाही. त्यासाठी सत्रात थोडे दिवस तरी मुलांना प्रयोगशाळेत बोलवाच.