जांभ्याच्या वाटेवर सायकल

सायकलमध्ये हवा भरून झाली की आपण टायर अंगठ्याने दाबून पाहतो. तो दगडासारखा कडक लागला की आपले समाधान होते. कडक टायरची सायकल हलकी चालते, ही समजूत गुळगुळीत डांबरी रस्त्यापुरती बरीचशी खरी आहे. पण हीच सायकल कोकणातल्या कच्च्या वाटेवर घातली तर?

रत्नागिरीहून दक्षिणेकडे निघू. भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला की रस्ता पावसला जातो. पुढे मुचकुंदी नदीच्या मुखाशी पूर्णगड किल्ला आहे आणि नदीपलीकडे गावखडी, कशेळी, आडिवरे ही गावे. हा सारा मुलूख जुन्या बंदरांचा. जवळच्या राजापुरात सतराव्या शतकात इंग्रजांची वखार होती. मुख्य रस्ता डांबरी आहे. पण तो सोडून आपण सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर चढलो, की चाकाखाली लाल खडी करकरू लागते.

ही खडी आली कोठून?

कोकणातला मूळ खडक म्हणजे काळा बेसाल्ट. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनला. उष्ण हवा आणि भरपूर पाऊस यांमुळे तो वरून कुजत गेला. पाण्याने त्यातील चुना, सिलिका वगैरे द्रव्ये वाहून नेली. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे मागे राहिली. तोच आपला तांबडा जांभा. त्याचे चिरे काढून घरे आणि गडगे बांधतात. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात या दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून ते घेतले आहे.

जांभ्याचा पृष्ठभाग झिजला की त्यातील लोहयुक्त, गोलसर खडे सुटे होतात. खाली कठीण कातळ आणि वर सुटे खडे, म्हणजे फरशीवर वाटाणे पसरल्यासारखीच स्थिती. चाकाला धरायला पक्की जमीनच मिळत नाही.

टायर जमिनीला किती टेकतो?

समजा, तुमचे आणि सायकलचे मिळून वजन ६० किलोग्रॅम आहे. त्यातील सुमारे ३६ किलोग्रॅम भार मागच्या चाकावर येतो. हा भार मुख्यतः टायरमधली हवा तोलून धरते. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ६ किलोग्रॅम असेल, तर ३६ किलोग्रॅमसाठी ६ चौरस सेंटिमीटर जागा पुरते. दाब ३ वर आणला, तर टायर चपटा होऊन १२ चौरस सेंटिमीटर टेकतो. टायरच्या रबराचा ताठपणा आपण येथे सोडून दिला आहे. म्हणून हे आकडे अंदाजाचे समजा.

आता वाटेत १ सेंटिमीटर उंचीचा खडा आला. कडक टायर दबत नाही. तो ३६ किलोग्रॅमचा भार १ सेंटिमीटर वर उचलतो. त्यासाठी सुमारे ३.५ ज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्या ऊर्जेत हीच सायकल गुळगुळीत सपाट रस्त्यावर, वाऱ्याचा विरोध सोडला तर, एक मीटरहून थोडी पुढे गेली असती. खड्यावरून उतरताना यातील काही ऊर्जा परत मिळते, पण बरीच दणक्यात आणि आपले हातपाय हादरण्यात खर्च होते. वाटेत असे शेकडो खडे! मऊ टायर मात्र खड्याभोवती दबतो, खड्याला जणू पोटात घेतो. दबलेली हवा स्प्रिंगसारखी पुन्हा पसरते आणि स्वार फारसा वर उचललाच जात नाही.

म्हणूनच खडीसाठी बनवलेल्या ‘ग्रॅव्हल बाइक’ नावाच्या सायकलींचे टायर साधारण ३५ ते ५० मिलिमीटर रुंद असतात आणि त्यांत हवा कमी भरतात. मग आणखी कमी का नको? फार मऊ टायर सारखा दुमडत राहतो, त्या दुमडण्यात ऊर्जा वाया जाते, आणि दगडावर रिम आपटून ट्यूब चिमटते. टायरवर छापलेल्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाबाच्या मर्यादेत राहूनच रस्त्याप्रमाणे हवा ठरवावी.

उताराचे गणित

सड्यावर चढताना फक्त दम लागतो. उतरताना जिवाशी गाठ असते. समजा, वेग सेकंदाला ५ मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर आहे. सपाट डांबरावर ब्रेक लावताना वजनाच्या निम्म्याएवढे रोधक बल मिळाले, तर सायकल सुमारे अडीच मीटरांत थांबते. सुट्या खडीवर ते बल वजनाच्या पावपटीएवढेच धरले, तर ५ मीटर लागतात.

आता दहा मीटरला एक मीटर उतरणारी वाट घ्या. येथे गुरुत्वाकर्षण वजनाच्या सुमारे एकदशांश बलाने आपल्याला पुढे ओढते. खडीवरच्या ०.२५ मधून ०.१ वजा केले की उरतात ०.१५. थांबायला लागणारे अंतर होते सुमारे साडेआठ मीटर! वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट, म्हणजे ३४ मीटर. वळण त्याआधीच आले तर? म्हणून वेग उताराच्या माथ्यावरच कमी करावा, वळणापूर्वी ब्रेक लावून घ्यावा आणि पुढचे चाक कधीही अडकू देऊ नये. ते अडकून घसरले की तोल सावरत नाही. डोक्यावर हेल्मेट हवेच.

करून पाहा

टायरला ओला रंग लावा. मित्राला सायकल धरायला सांगून तिच्यावर बसा आणि चाक चौकटीच्या कागदावर सरळ खाली टेकवून घ्या. ठशातील चौरस सेंटिमीटर मोजा. थोडी हवा काढून पुन्हा ठसा घ्या. ठसा किती वाढला? पंपावरचा दाब पौंडांत असेल, तर १४.२ पौंड दर चौरस इंचाला म्हणजे १ किलोग्रॅम दर चौरस सेंटिमीटरला हे ध्यानात ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचे

कशेळीच्या सड्यावर सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती कातळात कोरलेला आहे. त्याच्या आकृतीच्या आत इतर अनेक प्राणी कोरले आहेत. उक्षी, देवीहसोळ, बारसू येथेही अशी कातळशिल्पे आहेत. ती प्रागैतिहासिक काळातील मानली जातात. २०२२ साली कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला.

ही चित्रे फार खोल नाहीत, आणि जांभा झिजतो हे आपण पाहिलेच. आपलेच गणित पुन्हा करा. ४५ किलोग्रॅम वजनाचा मुलगा एका पायावर उभा राहिला आणि तळव्याची टेकलेली जागा १५० चौरस सेंटिमीटर धरली, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला ०.३ किलोग्रॅम होतो. आपला मऊ टायरसुद्धा त्याच्या दहापट दाब देतो, आणि ब्रेक लागला की खाली सापडलेले खडे कातळावर कानशीसारखे घासतो. म्हणून सायकल वाटेवरच ठेवावी, चालत जावे आणि चित्राच्या कडेला उभे राहून पाहावे. रेषेवर पायही देऊ नये. ज्यांनी तो हत्ती कोरला त्यांचे नाव, त्यांची भाषा आपल्याला ठाऊक नाही. त्यांनी मागे ठेवलेल्या खुणा या रेषांमध्येच उरल्या आहेत.