उजेडाचा हिशेब

बोलोन्या, २२ ऑगस्ट

चि. मुक्ता,

तुझा इटलीच्या सहलीचा आराखडा सावकाश वाचला. मेहनत घेतली आहेस, हे ओळीओळीतून दिसतं. तरी आधी सांगते ते हे, की त्यातली निम्मी गावं खोडून टाक. फ्लॉरेन्स एका दिवसात, रोम एका दिवसात, आणि मंगळवारी सिएना, सान जिमिन्यानो, व्होल्तेर्रा अशी तीन गावं एका दमात. हे सगळं पिएन्झाजवळच्या शेतघरात राहून करायचं, तर मग ते घर घेतलंस कशाला? अशाने ताई-भाऊजींच्या वाट्याला गाडीच्या मागच्या सीटवरून दिसेल तेवढीच इटली येईल.

ऑक्टोबरच्या शेवटच्या पंधरवड्यात तिथलं सगळं उजेडावर ठरतं. तुम्ही पोचाल तेव्हा सूर्य साडेसहाच्या आतच मावळत असेल. महिन्याच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं तासभर मागे जातात आणि त्या दिवसापासून सव्वापाचलाच सूर्यास्त. सहाला मिट्ट काळोख. त्या डोंगरी रस्त्यांवर दिवे नसतात, वळणं आंधळी असतात, आणि तिन्हीसांजेला रानडुकरं नि हरणं रस्त्यावर येतात. म्हणून प्रत्येक दिवस संध्याकाळकडून उलटा मोजत जा. घरी पोचायची वेळ आधी लिही, मग परत फिरायची, आणि शेवटी निघायची. पहाटे उठून पळायची मात्र गरज नाही. सकाळी व्हाल दि कियानाच्या खोऱ्यात अनेकदा दाट धुकं असतं. नवाला निघालं तरी चालतं.

अंतराचं म्हणशील, तर किलोमीटर बघू नकोस, वेळ बघ. घरापासून तासाभराचं एक वर्तुळ काढ आणि बहुतेक दिवस त्याच्या आतच राहा. मोन्तेपुल्चानो वीस-पंचवीस मिनिटं, मोन्ताल्चीनो पाऊण तासाच्या आत, सिएना तासाहून थोडं जास्त, ओर्व्हिएतो सव्वा तास. पंचावन्न-साठ किलोमीटरला तासावर वेळ लागतो, कारण रस्ता टेकडी चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि मध्ये एखादा ट्रॅक्टर पुढे असतो. फ्लॉरेन्स आणि रोम गाडीने करूच नकोस. कियूझी स्टेशन त्या दोन शहरांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गावरच आहे. पाहायचंच असेल तर त्यांतलं एक निवड, गाडी स्टेशनावर लाव आणि रेल्वेने जा.

दिवसाला एकच मुख्य गाव ठेव. वाटेवरचं दुसरं, जमलं तर. आणि मोठं जेवण दुपारी बाहेर घ्या. तिथं साडेबारा ते अडीच ही जेवणाची वेळ, अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं. रात्रीची हॉटेलं साडेसातच्या आधी उघडत नाहीत, म्हणजे रात्री बाहेर जेवायचं तर काळोखात परत यायचं, आणि चालवणारी तू एकटी. त्यापेक्षा संध्याकाळी घरी पिठलं-भात करा. दुपारी बहुतेक दुकानं आणि कितीतरी चर्चही एक-दीड ते साडेतीन-चारपर्यंत बंद असतात. म्हणजे सकाळी पाहणं, दुपारी जेवण, मग परतीची वाट, हा क्रम त्या प्रदेशाच्या चालीशी आपसूकच जुळतो. संग्रहालयं बरीचशी सोमवारी बंद असतात, त्या दिवशी रानावनात जा.

भाऊजींच्या शाकाहारी जेवणाची काळजी करू नकोस. पिची म्हणजे हाताने वळलेल्या जाडसर शेवया. त्या आल्योने नावाच्या मोठ्या लसणाच्या नि टोमॅटोच्या रश्श्यात मिळतात. रिबोल्लिता हे पाव, घेवडा आणि काळ्या पालेभाजीचं घट्ट सार. मांस नाही ना, हे मात्र प्रत्येक वेळी विचारून घे. तोस्कानाचा पाव बिनमिठाचा असतो, हे भाऊजींना आधीच सांगून ठेव. त्याच पावावर नवं तेल घातलं की तो का तसा असतो ते जिभेला कळतं. तुमच्या मुक्कामातच ऑलिव्हची तोड सुरू झालेली असेल. रस्त्यात फ्रान्तोयो, म्हणजे तेलघाणा, अशी पाटी दिसली की थांब. ताजं तेल हिरवंगार आणि घशाला झोंबणारं असतं, ते झोंबणं हा दोष नाही. त्यासाठी एक दुपार मोकळी ठेव.

आता गाडी. मुंबईहून रात्रभर प्रवास करून रोमला उतरल्यावर लगेच स्टिअरिंग हातात घेऊ नकोस. एक रात्र रोममध्ये झोप, दुसऱ्या सकाळी विमानतळावर परत जाऊन गाडी घे, म्हणजे शहरातून चालवावी लागणार नाही. तू आजवर फक्त डाव्या बाजूने चालवली आहेस. उजव्या बाजूची सवय मोकळ्या रस्त्यावर पटकन होते. घोटाळा होतो तो पेट्रोलपंपातून किंवा घराच्या फाट्यावरून पुन्हा रस्त्यावर येताना, कारण तिथं पुढे दुसरी गाडी नसते. तेवढ्या क्षणी ताईला मोठ्याने ‘उजवीकडे’ म्हणायला सांग. आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना आत्ताच काढून घे. तो वर्षभर चालतो, आणि मूळ लायसन्स सोबत लागतंच. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे असतात. गावात ५०, साध्या रस्त्यावर ९०, टोलच्या महामार्गावर १३०, आणि पाऊस असेल तर तिथंही ११०. मोन्ताल्चीनोला द्राक्षमळा जरूर पाहा, पण वाइनची चव घ्यायची ती ताई-भाऊजींनी. कायदा रक्तात लिटरमागे अर्ध्या ग्रॅम अल्कोहोलपर्यंत चालवून घेतो, तू मात्र एक घोटही घेऊ नकोस. बाटली घरी आणा.

जुन्या गावांच्या वेशीवर एक गोल पाटी असते. पांढरी, लाल कडेची, खाली ‘झोना त्राफ्फिको लिमितातो’ असं लिहिलेलं. शेजारी बहुधा दिव्यांचा एक लहान फलक असतो. त्यावर ‘व्हार्को आत्तिव्हो’ उमटलं असेल तर परका माणूस समजतो, वेस चालू आहे, आत जायला हरकत नाही. अर्थ नेमका उलटा आहे. कॅमेरा चालू आहे, परवाना नसेल तर प्रवेश बंद. तिथं पोलीस उभा नसतो, शिट्टी वाजत नाही, त्यामुळे काही झालं असं वाटतही नाही. दंडाची चिठ्ठी कित्येक महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर येते, आणि भाड्याची गाडी देणारे तुझं नाव-पत्ता कळवल्याचे पैसे वेगळे कापतात. एकाच गावात दोनदा आत गेलीस तर दोन दंड. यावर उपाय एकच, नकाशात गावाचं नाव टाकूच नकोस, वेशीबाहेरच्या पार्किंगचं नाव टाक. पांढऱ्या पट्ट्यांच्या जागा फुकट, निळ्या पैसे देऊन, पिवळ्या राखीव. यंत्रात बऱ्याच ठिकाणी गाडीचा नंबर टाकावा लागतो, म्हणून नंबरप्लेटचा फोटो फोनमध्ये ठेव.

नकाशा तुला जवळची वाट म्हणून खडीच्या पांढऱ्या रस्त्यांवरही नेईल. कोरड्या दिवसात ते रस्ते म्हणजे त्या प्रदेशातलं सर्वांत सुंदर चालवणं, पण सलग दोन दिवस पाऊस झाला की खालची चिकणमाती वर येते. गाडीच्या करारात टायर आणि गाडीचा खालचा भाग विम्यात आहे का ते सही करण्याआधी वाच. बऱ्याचदा नसतो. आणि घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटरही खडीचाच असणार, तेव्हा पहिल्या दिवशी उजेडीच पोच.

ताईच्या गुडघ्यांचा विचार तुझ्या आराखड्यात मला कुठं दिसला नाही. तिथली बहुतेक गावं टेकडीच्या माथ्यावर. मोन्तेपुल्चानोचा मुख्य रस्ता वेशीपासून वरच्या चौकापर्यंत नुसता चढ आहे, कोर्तोनाही तसंच. पण तुमचं पिएन्झा जवळजवळ सपाट आहे, सान क्विरिकोही. सिएनाला सान्ता कातेरीना पार्किंगपासून सरकते जिने आहेत, ओर्व्हिएतोला खालच्या स्टेशनापासून वर रोपवेसारखी रुळांवरची गाडी जाते. त्यामुळे ही दोन मोठी गावं ताईला जमतील. ओर्व्हिएतोची विहीर मात्र तू नि भाऊजीच उतरा. १५२७ मध्ये रोम लुटलं गेल्यावर पोप सातवा क्लेमेंट तिथं आश्रयाला आला, वेढा पडला तर पाणी हवं म्हणून ती खोदवली. दोन वेगळे गोल जिने एकमेकांभोवती असे फिरवलेत, की पाण्यासाठी उतरणारं खेचर वर येणाऱ्या खेचराला आडवं जात नसे. प्रत्येकाला २४८ पायऱ्या. हा पावसाळी दिवसाचा कार्यक्रम म्हणून राखून ठेव.

पिएन्झाला तुम्ही राहता म्हणून ते ‘कधीही बघू’ या यादीत टाकू नकोस, एक अख्खी सकाळ दे. कोर्सिन्यानो नावाच्या साध्या खेड्यात जन्मलेला माणूस दुसरा पायस म्हणून पोप झाला आणि १४५९ पासून त्याने बेर्नार्दो रोस्सेल्लिनोकडून आपलं गाव नव्याने बांधून घेतलं. तीन वर्षांत चर्च, राजवाडा, चौक उभे राहिले. चर्चमध्ये शिरलात की वेदीच्या दिशेने चालत जा. फरशी पायाखाली उतरत गेल्याचं जाणवेल. मागची बाजू दरीच्या कडेवर आहे आणि तिथली जमीन शतकानुशतकं खचते आहे. भिंतींवर भेगाही दिसतील.

एकच दिवस मी तुला वर्तुळाच्या बरंच बाहेर जायला सांगणार आहे, आणि तो तुझ्या यादीत नाही. पूर्वेला दीड तासावर तिबेर नदीचं वरचं खोरं आहे. आधी मोन्तेर्कीला थांब. तिथं पिएरो देल्ला फ्रांचेस्काने रंगवलेली गर्भवती मेरी आहे, पोटावरच्या वस्त्राची चीर उसवलेली, हात हलकेच तिथं ठेवलेला. मग सानसेपोल्क्रो, पिएरोचं स्वतःचं गाव, तिथं त्याचं ‘पुनरुत्थान’. १९४४ च्या लढाईत या गावावर तोफा डागणाऱ्या अँथनी क्लार्क या ब्रिटिश अधिकाऱ्याला आल्डस हक्सलीचा निबंध आठवला. त्यात या चित्राला जगातलं सर्वोत्तम म्हटलं होतं. त्याने मारा थांबवला आणि चित्र वाचलं.

जेवण तिथंच करा आणि दक्षिणेला मोन्तोनेकडे या. याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे पडले. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतला एकूण एक जण मेला किंवा जखमी झाला, उरले ते एकटे. ते थेट त्या ठाण्यावर धावून गेले, हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि काडतुसं भरायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने ठार केलं. लगेचच ते शत्रूच्या गोळीला बळी पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची कबर नाही की समाधी नाही. नाव आहे ते कासीनोच्या स्मारकावर. जुलै २०२३ मध्ये मोन्तोनेच्या लोकांनी त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. ताम्हिणी उतरून कोकणात जाताना माणगावात ज्यांचा पुतळा आहे ते हेच. भाऊजी कित्येकदा त्या रस्त्याने गेले आहेत, त्यांना आधी काही सांगू नकोस, तिथंच सांग. हा दिवस मोठा आहे, म्हणून घड्याळं मागे जायच्या आधीच घे. साडेआठला निघा, आणि चारला मोन्तोने सोडायचं म्हणजे सोडायचंच. संग्रहालयांच्या वेळा आदल्या दिवशी तपासून घे.

रंग पाहायचे असतील तर आमियाता डोंगरावर जा. तुझ्या फोनमधल्या चित्रांतल्या हिरव्यागार टेकड्या एप्रिल-मेच्या आहेत. ऑक्टोबरात तिथं नांगरलेली करडी-तपकिरी ढेकळं असतात, मध्येच एखादी सायप्रसची रांग. मला ती जास्त आवडतात, पण मनाची तयारी हवी. झाडांची पानझड आमियातावर, बीच आणि चेस्टनटच्या रानात. ऑक्टोबरात तिथल्या गावांतून चेस्टनटच्या जत्रा भरतात. पायवाटेने आत शिरण्याआधी रानडुकरांच्या शिकारीची पाटी लावलेली नाही ना, ते बघ. असेल तर त्या दिवशी ते रान सोडून द्या.

घरमालकिणीला आत्ताच विचार, शेकोटीला लाकूड आहे का. घरं गरम करायची परवानगी तिथं तारखेने मिळते, काही गावांत १५ ऑक्टोबरला, काहींत १ नोव्हेंबरला. ताईचा जाड स्वेटर हवाच.

घड्याळं बदलतात त्याच्या आदल्या शनिवारी दुपारी मी येते. कियूझीच्या स्टेशनावर घ्यायला ये, गाडीची वेळ कळवीन. रविवारी कुठंच जायचं नाही, तो दिवस आराखड्यात कोराच ठेव. ताईला म्हणावं, मेतकूट आणि गोडा मसाला तेवढा आण, तांदूळ मी घेऊन येते. भाऊजींना नमस्कार.

तुझी,
सुधामावशी