पक्षचिन्हाविना निवडणूक

छत्तीसगडमधील रायपूर शहराचा मतदार महानगरपालिकेच्या निवडणुकीत मतदान करतो, तेव्हा त्याच्यासमोर राजकीय पक्षांची परिचित चिन्हे असतात. शहराची वेस ओलांडून आपण एखाद्या खेड्यात गेलो, की चित्र पालटते. ग्रामीण मतदाराच्या हाती चार मतपत्रिका पडतात : पंचासाठी पांढरी, सरपंचासाठी निळी, जनपद पंचायतीच्या सदस्यासाठी पिवळी आणि जिल्हा पंचायतीच्या सदस्यासाठी गुलाबी. यांपैकी एकीवरही पक्षाचे चिन्ह नसते. राज्य निवडणूक आयोगाने नेमून दिलेली मुक्त चिन्हे तेवढी असतात. कायद्याच्या दृष्टीने ही निवडणूक पक्षविरहित होय. ती वस्तुतः तशी असते काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

या व्यवस्थेमागे एक उदात्त विचार होता. गावातील विहीर, रस्ता, शाळा यांचे प्रश्न पक्षभेदाचे नसतात. पक्ष गावात शिरले तर जुन्या भाऊबंदकीत नव्या वैराची भर पडेल, अशी धारणा होती. जयप्रकाश नारायण यांनी 1959 मध्ये मांडलेल्या पक्षरहित लोकशाहीच्या कल्पनेने या धारणेला तात्त्विक बैठक दिली. याउलट, अशोक मेहता समितीने 1978 च्या आपल्या अहवालात पंचायत राज्यात राजकीय पक्षांनी उघडपणे भाग घ्यावा, अशी शिफारस केली. पुढे 1993 साली अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने हा प्रश्न राज्यांवर सोपविला. महाराष्ट्राने मध्यममार्ग पत्करला : जिल्हा परिषद व पंचायत समिती यांच्या निवडणुका पक्षचिन्हावर, ग्रामपंचायतीच्या मात्र चिन्हाविना. छत्तीसगडमध्ये तिन्ही स्तर पक्षविरहित राहिले.

परंतु चिन्ह नसले म्हणजे पक्ष नसतो, असे समजणे भोळेपणाचे ठरेल. फेब्रुवारी 2025 मध्ये छत्तीसगडमध्ये पंचायतींच्या निवडणुका झाल्या, तेव्हा पक्षांनी आपले ‘समर्थित’ उमेदवार पुढे केले आणि निकालानंतर विजयाचे दावेही केले. याचे कारण संस्थेच्या रचनेतच आहे. जनपद आणि जिल्हा पंचायत यांचे सदस्य लोक निवडतात. पण त्यांचे अध्यक्ष हे सदस्य आपसांतून निवडतात. ज्याच्या पाठीशी अधिक सदस्य, त्याच्या हाती जिल्ह्यातील विकासकामांचा प्राधान्यक्रम. आता सदस्य पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेलाच नसल्यामुळे त्याने उद्या बाजू बदलली, तरी त्याला पक्षांतराचा दोष लावता येत नाही. मतदारापुढे जो प्रश्न कधी मांडलाच गेला नाही, त्याचे उत्तर मतदानानंतर बंद दाराआड दिले जाते.

निवडणुकीची पद्धत हीदेखील पक्षीय डावपेचांचे साधन होते. रायपूरसह राज्यातील महापौरांची निवड पूर्वी थेट जनतेकडून होत असे. काँग्रेसच्या सरकारने 2019 मध्ये ती नगरसेवकांकडे दिली; पुढे सत्तेवर आलेल्या भारतीय जनता पक्षाने ती पुन्हा जनतेकडे सोपविली, आणि 2025 मध्ये निवडणूक झालेल्या दहाही महानगरपालिकांची महापौरपदे त्याच पक्षाने जिंकली. महाराष्ट्रातील सरपंचाच्या निवडीचा इतिहासही असाच आहे. 2017 मध्ये थेट निवड आली, 2020 मध्ये ती रद्द झाली, 2022 मध्ये पुन्हा अवतरली. सरकार पालटले की नियम पालटतो. सरपंचाची निवडणूक पक्षविरहित असती, तर तिच्या पद्धतीबद्दल पक्षांनी इतकी आस्था दाखविली नसती.

हा अनुभव केवळ आपलाच नाही. आपल्याकडे न्यायाधीश निवडून दिले जात नाहीत; अमेरिकेतील अनेक घटक राज्यांत ते दिले जातात, आणि काही राज्यांत मतपत्रिकेवर पक्षाचे नाव छापले जात नाही. विस्कॉन्सिन हे त्यांपैकी एक. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी एप्रिल 2025 मध्ये झालेल्या निवडणुकीत सुमारे दहा कोटी डॉलर खर्च झाले. सात न्यायाधीशांच्या त्या न्यायालयातील बहुमत कोणाचे, यावर गर्भपाताचा कायदा आणि मतदारसंघांची आखणी यांसारखे प्रश्न अवलंबून होते. कागदावर पक्ष नव्हता. पैसा, प्रचार आणि परिणाम या तिन्हींत तो होता.

तर मग चिन्हे परत आणावीत काय? घाईने होकार देता येत नाही. चिन्हाच्या अभावी कुठल्याही पक्षाच्या दारी न गेलेला शेतकरी, महिला बचत गटातील एखादी कार्यकर्ती निवडणुकीस उभी राहू शकते. पक्षाच्या उमेदवारीसाठी तिला कोणाची मनधरणी करावी लागत नाही. हा लाभ खरा आहे. पण चिन्हाबरोबर उत्तरदायित्वही पुसले जाते, ही हानीही तितकीच खरी आहे. पक्षचिन्ह मतदाराला उमेदवाराविषयी सर्व काही सांगत नाही. परंतु काम बिघडल्यास जाब कोणाला विचारावा, एवढे निश्चित सांगते.

तात्पर्य, मतपत्रिकेवरून पक्ष पुसता येतो, राजकारणातून नाही. म्हणून चिन्हाविना होणाऱ्या निवडणुकीत मतदाराची जबाबदारी कमी होत नाही, ती वाढते. निळ्या मतपत्रिकेवर शिक्का उमटविण्यापूर्वी उमेदवाराला दोन प्रश्न विचारले पाहिजेत : तुमच्या पाठीशी कोण आहे? आणि निवडून आल्यावर तुम्ही कोणाच्या पाठीशी उभे राहणार? गुलाबी मतपत्रिकेच्या बाबतीत तर दुसरा प्रश्न अधिकच महत्त्वाचा. कारण तेथे मतदाराचे काम संपते, त्याच क्षणी अध्यक्षपदाची खरी निवडणूक सुरू होते.