भोकं बारा, बोलणी आम्हाला

‘सेल्फ-चेक केला नव्हता का?’ असं भर मीटिंगमध्ये विचारणाऱ्याच्या स्वतःच्याच मेलबॉक्समध्ये कधीकधी उत्तर पडलेलं असतं. पीथमपूरच्या एका कामानं मला हे शिकवलं.

पाइपिंगचे आयसो, म्हणजे आयसोमेट्रिक ड्रॉइंग, आम्ही इंदूरला काढायचो; त्यावरून पाइपचे स्पूल साइटवर बनायचे. हीट एक्स्चेंजरच्या 6 इंची नोझलवर थेट गेट व्हॉल्व्ह, पुढे एल्बो. आम्हाला मिळालेल्या व्हेंडर ड्रॉइंगवर नोझल 150 क्लासचं. चेन पुलीवर टांगलेला व्हॉल्व्ह फिटरनं नोझलला भिडवला आणि तो तसाच थांबला. नोझलची फ्लँज व्हॉल्व्हच्या कडेबाहेर चांगली बोटभर आलेली. व्हॉल्व्हला भोकं 8, नोझलला 12. नोझल 300 क्लासचं आलं होतं. टेप लावायचीही गरज नव्हती.

‘व्हॉल्व्ह बदला की’ असं म्हणणारे भेटतातच. 150 चा 6 इंची गेट व्हॉल्व्ह 267 मि.मी. लांब, 300 चा 403. पुढची वेल्ड-नेक फ्लँजही जवळपास 10 मि.मी.नं वाढते. म्हणजे एल्बो सरकला, सपोर्ट सरकला, स्पूल कापा.

मीटिंगमध्ये क्लायंटचे साहेब म्हणाले, ‘‘ड्रॉइंग तो आपकी ही है ना, भाईसाहब?’’ भाईसाहब म्हणायचं आणि सुरी फिरवायची. व्हेंडरनं सुधारित ड्रॉइंग त्यांना पाठवलं होतं. ते खरेदी विभागात गेलं आणि तिथंच मुरलं. मी चेक-प्रिंट टेबलावर पसरली. प्रत्येक मापावर पिवळी खूण, कोपऱ्यात व्हेंडर ड्रॉइंगचा नंबर, ‘रेव्ह 0’, तारीख, सही. साहेबांना नेमका तेव्हाच फोन आला. पैसे मात्र आमच्याच बिलातून कापले.

म्हणून आधी हे करा: कुठल्या पी अँड आयडीच्या आणि व्हेंडर ड्रॉइंगच्या कितव्या रिव्हिजनवरून आयसो काढला, ते आयसोवरच लिहा. इश्यू करण्याआधी ‘हेच शेवटचं ना?’ असा मेल टाका. उत्तर नाही आलं तरी मेल राहतो.

तपासणी कागदावर करा, स्क्रीनवर नको. काढला त्याच दिवशी तर नकोच. आपला डोळा आपल्यालाच फसवतो. बरोबर ते पिवळं, चूक ते लाल; रंग नसलेलं माप तपासलेलंच नाही. लाईन प्रवाहाच्या उलट वाचा. एका दिशेच्या मापांची बेरीज दोन टोकांच्या कोऑर्डिनेटशी जुळवा आणि गास्केटचे 3 मि.मी. विसरू नका. साइटवरून आलेल्या फोटोत भोकं मोजून रेटिंग ठरवू नका: 4 इंचीत 150 आणि 300, दोन्हीला 8 भोकं, फरक बोल्ट सर्कलमध्ये, 190.5 आणि 200 मि.मी. थ्रीडी मॉडेलचा भरवसा सांगू नका, 150 भरलं तर ते 150 च दाखवणार. घाई करू नका, शांत डोक्यानं काम करा वगैरे तुम्हाला माहीत आहेच.

आणि सेल्फ-चेक म्हणजे चेकरचा पगार वाचवायची युक्ती नव्हे. दुसऱ्या माणसाची नजर हवीच.

त्या गोंधळानंतर साहेब म्हणाले, नवं ड्रॉइंग कशाला, फिटरला जागेवरच खडूनं आखून द्या. मी नकार दिला. 1974 मध्ये इंग्लंडात फ्लिक्सबरोच्या कारखान्यात रिअ‍ॅक्टरला वळसा घालणारा तात्पुरता पाइप बसवला, त्याचं ड्रॉइंग वर्कशॉपच्या जमिनीवर खडूनं काढलं होतं. तो पाइप फुटला आणि स्फोटात 28 माणसं गेली. जमीन कोण तपासणार? आम्ही सुधारित आयसो काढला, पुन्हा पिवळा-लाल केला, मगच दिला. त्याचेही पैसे मिळाले नाहीत.

क्लायंटच्या डेटात बदल झाला तर रीवर्क वेगळं आकारलं जाईल, ही ओळ आता आमच्या ऑफरच्या पहिल्याच पानावर असते. त्याच साहेबांचा परवा नव्या कामासाठी फोन आला. रेट मान्य, मुदत मान्य, फक्त ती एक ओळ काढता का, म्हणाले. काढली नाही.