वारलीतील ‘च’ आणि संगणक : ‘प्रात’ प्रणालीच्या उभारणीविषयी

बोलींच्या अभ्यासात आपल्याकडे कानावर फार भिस्त ठेवली गेली. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला, पुढे अ. मा. घाटगे यांच्या सर्वेक्षणमालेत ठाण्याच्या वारलीवर स्वतंत्र पुस्तक आले. घाटग्यांचा कान तयार होता. आपल्या विद्यार्थ्यांचा कान मात्र प्रमाण मराठीने घडविलेला असतो, आणि पुष्कळदा तो ऐकलेल्याऐवजी अपेक्षित असलेलेच टिपून घेतो.

‘चार’ या संख्यावाचकातील च तालव्य, तर गुरांच्या ‘चारा’मधील दंतमूलीय. देवनागरी हा भेद दाखवीत नाही. तेव्हा वारली भाषकाच्या तोंडी तो कोठे टिकतो, कोठे नाही, हे लिखित संहितेवरून ठरविणे अशक्य आहे.

यासाठी ‘प्रात’ ही ध्वनिविश्लेषणाची प्रणाली उपयोगी पडते. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा व डेव्हिड वेनिंक यांनी ती सिद्ध केली. डच भाषेत ‘प्रात’ म्हणजे ‘बोल’. ती विनामूल्य आहे. विंडोज संगणकावर तिची उभारणी अशी काही नाहीच : संकेतस्थळावरून झिप फाईल उतरवावी, उलगडावी, आतील प्रात ही फाईल एका फोल्डरमध्ये ठेवून उघडावी. जव्हार-मोखाड्याकडे निघताना तीच पेन ड्राइव्हवर घेतली की पाड्यावर इंटरनेट नसल्याने काही अडत नाही.

खरी अडचण पुढे आहे. दोन्ही च-मधील घर्षणाचा भेद मुख्यतः वरच्या कंप्रतांत दिसतो. दंतमूलीय च-ची ऊर्जा तालव्यापेक्षा वर असते. प्रातमधील वर्णपट मात्र मुळात ५००० हर्ट्झपर्यंतच दाखविला जातो. स्पेक्ट्रोग्राम सेटिंग्जमध्ये ही मर्यादा १०,००० करून घेतली नाही, तर भेद असूनही दिसत नाही, आणि विद्यार्थी ‘भेद नाही’ असा निष्कर्ष प्रबंधात लिहून मोकळा होतो.

अर्थात मुळात जे टिपलेच नाही ते कोणतीही मर्यादा वाढवून दिसणार नाही. प्रस्तुत लेखकाने साखरशेत येथे एका वृद्ध वारली स्त्रीकडून ऐकलेली कथा साध्या मोबाईलवर, सेकंदाला ८००० नमुने या दराने मुद्रित केली होती. नमुन्यांच्या निम्म्या कंप्रतेपर्यंतच ध्वनी टिकतो. म्हणजे ४००० हर्ट्झच्या वरचे सारे गेले. पुढे काही वर्षांनी मोजणीस बसलो तेव्हा हे ध्यानात आले, आणि तोवर त्या बाई निवर्तल्या होत्या. कथा शिल्लक आहे, तिच्यातील च नाही.

म्हणून मुद्रण ४४,१०० नमुने, १६ बिट, एकमार्गी, वेव्ह स्वरूपातच करावे. मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा लागते. आजच्या संगणकाला ती काहीच नाही. एमपी३ टाळावे.

शेवटी लिपीविषयी. ध्वनीखालील शब्दांकन टेक्स्टग्रिड फाईलमध्ये जतन होते. देवनागरी मजकूर असल्यास प्रात तो मुळातील मांडणीप्रमाणे यूटीएफ-१६ मध्ये लिहिते, आणि इतर काही प्रणालींना तो वाचता येत नाही; टेक्स्ट रायटिंग सेटिंग्जमध्ये यूटीएफ-८ निवडावे. मजकूर युनिकोडमध्येच टंकित करावा. जुन्या फाँटांतील टिपणे सरळ चिकटविल्यास रोमन अक्षरांचा गुंता उमटतो, आणि असे टंकन आपल्या अनेक विभागांत अजूनही चालते.