आप्तोपदेश आणि सीमाशुल्क : विश्वासू व्यापाऱ्यांची परस्परमान्यता

चरकसंहितेच्या विमानस्थानात रोगज्ञानाची तीन साधने सांगितली आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान. बंदरावरील सीमाशुल्क अधिकाऱ्यालाही एका अर्थी याच साधनांनी काम करावे लागते. कंटेनर उघडून पाहणे हे प्रत्यक्ष. कागदपत्रांवरून जोखीम ठरविणे हे अनुमान. परंतु प्रत्येक कंटेनर उघडणे अशक्य असल्याने ज्याची पारख आधीच झाली आहे अशा व्यापाऱ्यावर विश्वास ठेवण्याची पद्धत जगभर रूढ झाली. चूर्णे, वटी व तैले परदेशी पाठविणाऱ्या फार्मसीचालकांनी ही पद्धत व तिच्या मर्यादा जाणून घेणे अगत्याचे आहे.

पार्श्वभूमी

सप्टेंबर २००१ मधील हल्ल्यांनंतर त्याच वर्षी अमेरिकेने ‘सी-टीपॅट’ ही योजना सुरू केली. जून २००५ मध्ये जागतिक सीमाशुल्क संघटनेने ‘सेफ’ ही मानकांची चौकट स्वीकारली. तीत अशा पारखलेल्या व्यापाऱ्यास ‘ऑथोराइज्ड इकॉनॉमिक ऑपरेटर’, संक्षेपाने ए.ई.ओ., असे नाव आहे. भारतात ही योजना २०११ साली प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली व २०१६ मध्ये तिची फेररचना झाली. आयातदार-निर्यातदारांसाठी टी-१, टी-२ व टी-३ अशा तीन श्रेणी ठरल्या. टी-१ श्रेणी कागदपत्रांच्या छाननीवर मिळते. टी-२ साठी अधिकारी प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी करतात.

मान्यता कशी दिली जाते

दोन देशांचा करार सामान्यतः चार टप्प्यांनी होतो. प्रथम दोन्ही योजनांचे निकष समोरासमोर ठेवून ताडून पाहिले जातात. नंतर एका देशाचे अधिकारी दुसऱ्या देशातील पाहणीस उपस्थित राहून ती कशी होते हे पाहतात. तिसऱ्या टप्प्यात माहितीच्या देवाणघेवाणीची रीत ठरते आणि शेवटी करारावर स्वाक्षऱ्या होऊन अंमलबजावणी होते. असा पहिला करार २००७ साली न्यूझीलंड व अमेरिका यांच्यात झाला. भारताने दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग आदींशी करार केले असून २०२१ मध्ये अमेरिकेशीही करार झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परदेशी अधिकारी आपल्या कारखान्यावर नव्हे, तर आपल्या अधिकाऱ्यांच्या पाहणीवर विश्वास ठेवतो. म्हणून केवळ कागदावर मिळालेली टी-१ श्रेणी परस्परमान्यतेस पुरेशी नसते. टी-२ वा टी-३ आवश्यक असते. तसेच आपला ओळख क्रमांक परदेशी आयातदाराने आपल्या घोषणापत्रात अचूक नोंदविला, तरच संगणक आपल्या मालास कमी जोखमीचा मानतो. नाव-पत्त्यातील किरकोळ तफावतही लाभ हिरावून घेऊ शकते.

मर्यादा

ही मान्यता मालाच्या वाहतुकीतील सुरक्षिततेची आहे, औषधाच्या गुणवत्तेची नव्हे. तपासण्या कमी होतात, पूर्णतः थांबत नाहीत. २००४ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील १४ उत्पादनांत शिसे, पारा वा अर्सेनिक आढळले. अशा शंकेचे निरसन ए.ई.ओ. प्रमाणपत्राने होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवालच हवा. जटामांसी व कुष्ठ ही द्रव्ये संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय करारात समाविष्ट असल्याने त्यांचे नियमही वेगळे पाळावे लागतात.

फार्मसीचालकांनी काय करावे

डिसेंबर २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी अटी शिथिल झाल्या असून वर्षाला २५ ऐवजी १० सीमाशुल्क दस्तऐवज पुरेसे मानले जातात. त्यामुळे लहान फार्मसीलाही हा मार्ग खुला आहे. तयारी मात्र नित्याच्या व्यवहारातून करावी. भांडार व पॅकिंग विभागात कोणी प्रवेश करावा हे ठरलेले असावे. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद व्हावी. कंटेनर भरण्यापूर्वी रिकामा तपासून भरल्यावर लगेच सील लावावे आणि सीलचा क्रमांक नोंदवावा. हिशेब व करभरणा निर्दोष असावा.

सारांश, आप्तत्व हे आचरणाने मिळते व आचरणानेच टिकते. एका निर्यातदाराच्या सीलमध्ये गैरप्रकार आढळल्यास त्याचे प्रमाणपत्र तर निलंबित होऊ शकतेच. शिवाय ज्या पाहणीवर दुसऱ्या देशाने विश्वास ठेवला, तिच्याविषयीही शंका उत्पन्न होते. त्या शंकेचा भार पुढे सर्वच निर्यातदारांना वाहावा लागतो, याचे भान प्रत्येकाने ठेवावे.